बायपासनंतर टचलाइनवर परत: तब्येतीइतकाच प्रश्न असिस्टंटचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ कोपरखैरण्याला राहतात, वय ४६, एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) कोचिंगचं ‘ए’ लायसन्स आहे. सकाळी ऐरोलीच्या एका शाळेत फुटबॉल शिकवतात आणि संध्याकाळी मुंबईच्या लीगमधल्या एका क्लबचे हेड कोच आहेत. डिसेंबरात प्रॅक्टिसच्या वेळी मैदानावरच छातीत कळ आली, तीन ब्लॉक निघाले, बायपास झाली. आता चौदा आठवडे झालेत. क्लबचे मालक म्हणतात, “सर, आराम करा, काही काळजी करू नका.” तिकडे असिस्टंट टीम चालवतोय आणि टीम जिंकतेय. घरी वहिनींचं म्हणणं आहे, शाळेची नोकरी पुरे, क्लब सोडा. सरांचा प्रश्न एका ओळीचा आहे: माझं करिअर संपलं का?

नाही. पण हा सीझन तुमचा नाही, एवढं आधी मान्य करा. पुढचं सगळं त्यानंतर.

मी सत्तावीस वर्षं कोचिंग करतोय, त्यातली शेवटची अकरा नेरूळच्या एका अकॅडमीत टेक्निकल डायरेक्टर म्हणून. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. कोच म्हणून नोकरी मागितलीय आणि चाळीसेक कोच घेतलेतही. शिवाय बावन्नाव्या वर्षी मला स्वतःला दोन स्टेंट बसले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल इथे जे लिहितोय ते तुमच्या कार्डिओलॉजिस्टला विचारायचे प्रश्न म्हणून वाचा.

पहिला प्रश्न तिथलाच. बहुतेक कोच डॉक्टरांना विचारतात, “मी कामावर जाऊ का?” डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचा कोट घातलेला मॅनेजर असतो. ते म्हणतात, हो, जा, दगदग करू नका. त्यांना आपलं काम खरं कसं असतं ते सांगा. एप्रिलच्या दमट उन्हात चार वाजल्यापासून तीन तास उभं राहणं. घसा फोडून ओरडणं. कूपरेजला मॅच असली की वाशीला गाडी बदलून सीएसएमटी, परत येताना रात्रीची उभी लोकल, जेवण साडेदहाला. आणि ८८व्या मिनिटाला गोल खाल्ल्यावर छातीत जे होतं ते. २००६च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात नोंद केली गेली होती. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना नेहमीच्या अडीच पटींहून जास्त झाल्या. तीही नुसत्या बघणाऱ्यांना. आपण तर बेंचवर असतो.

एक छोटी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. छातीचं हाड जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात आणि तोवर चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलू नका असं सांगतात. आपण म्हणतो, मी कुठे काय उचलतो? पाच नंबरचा एक बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा. बारा बॉलची जाळी खांद्यावर टाकली की पाच किलोच्या वर गेलात, तेही एका बाजूला झोक जाऊन. कोन आणि बिब्जची बॅग वेगळीच. तुमचे चौदा आठवडे झालेत, तरी जाळी उचलायच्या आधी सर्जनना विचारा. आणि गोल झाल्यावर पोरं अंगावर उड्या मारतात, ते त्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. मला नुसते स्टेंट होते, हाड कापलेलं नव्हतं, म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. मनगटावरचं घड्याळ ९५ दाखवतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी: चालता चालता एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता येतंय का? येत नसेल तर खुर्चीवर बसा. प्लास्टिकची खुर्ची. तिची लाज बाळगू नका.

आता त्या खुर्चीबद्दलच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

अँजिओप्लास्टीनंतर पाचव्या आठवड्यात मी मैदानावर गेलो. घाई केली. यशवंतराव चव्हाण मैदानावर आमच्या पंधरा वर्षांखालच्या मुलांची मॅच होती. हाफटाइमला उकिडवा बसून बोर्डवर चुंबकं सरकवत होतो, उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. माझी असिस्टंट तेव्हा सव्वीस वर्षांची होती, स्वतः राज्य पातळीवर खेळलेली. तिने काही न बोलता खुर्ची पुढे केली आणि बोर्ड हातात घेतला. दुसऱ्या हाफमध्ये तिने आमचा राइट बॅक काढून त्या जागी एक बारकासा विंगर घातला. मी असं कधीच केलं नसतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो, ओरडायचा मोह होऊ नये म्हणून. मॅच १-१ सुटली. घरी येताना लक्षात आलं की ती आमच्याकडे चार वर्षं होती, आणि त्या चार वर्षांत मी तिला एकदाही सब्स्टिट्यूशन करू दिलं नव्हतं.

त्या दिवसापर्यंत मलाही तुमच्यासारखंच वाटायचं, की मी नसताना टीम जिंकली तर माझी गरज काय? क्लबच्या बाजूने बघा. मालकाला आजारी माणसाची भीती नसते, रिकाम्या खुर्चीची असते. एखाद्या बुधवारी तुम्हाला ताप आला, तपासणीला जायचं असलं, तर सेशन कोण घेणार, टीम कोण निवडणार? या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला मी कामावर घेतो. ज्याच्याकडे नाही तो धडधाकट असला तरी मला धोक्याचा वाटतो.

लिव्हरपूलचे मॅनेजर जेरार उलिये यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १३ ऑक्टोबर २००१, अॅनफिल्डवर लीड्सविरुद्ध मॅच, हाफटाइमला छातीत दुखलं. महाधमनी फाटली होती, ऑपरेशन अकरा तास चाललं. पाच महिन्यांनी, मार्च २००२मध्ये, रोमाविरुद्धच्या मॅचला ते परत बेंचवर आले आणि लिव्हरपूलने ती २-० जिंकली. हा फोटो सगळे आठवतात. मधले पाच महिने असिस्टंट फिल थॉम्पसनने टीम चालवली, ते कुणी आठवत नाही. त्या सीझनला लिव्हरपूल लीगमध्ये दुसरं आलं. थॉम्पसनने टीम बुडवली असती तर उलियेंसाठी ती खुर्ची राहिली असती का, याचा विचार करा. पुढचा सीझन मात्र पाचव्या नंबरवर गेला आणि २००४मध्ये त्यांना जावं लागलं. ते लवकर परतले असं बरेच जण म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण त्यानंतर त्यांनी लियोंला सलग दोन वेळा फ्रेंच लीग जिंकून दिली, हेही त्याच माणसाने केलं.

योहान क्रायफ बार्सिलोनाचा कोच असताना १९९१च्या फेब्रुवारीत त्याची बायपास झाली. असिस्टंट कार्लेस रेशाकने टीम सांभाळली, त्याच सीझनला लीग आली आणि पुढच्या वर्षी वेम्बलीवर युरोपियन कप. सिगारेट सुटली आणि तोंडात लॉलीपॉप आला. (तुम्ही ओढता की नाही हे लिहिलेलं नाही. ओढत असाल तर या उत्तराचा उरलेला भाग वाचण्यात अर्थ नाही.) सॅम अॅलार्डाइस यांची २००९मध्ये ब्लॅकबर्नचे मॅनेजर असताना अँजिओप्लास्टी झाली. २०१६मध्ये ते इंग्लंडचे मॅनेजर झाले. पुढे एका मॅचमध्ये ती नोकरी गेली, पण त्याचं कारण हृदय नव्हतं.

मला मात्र तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी वाटतो तो ग्लेन रोडर, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. एप्रिल २००३. रोडर मॅनेजर असलेला वेस्ट हॅम रेलिगेशनच्या (खालच्या विभागात घसरण्याच्या) काठावर. मिडल्सब्रोविरुद्धची मॅच संपल्यावर रोडर कोसळला. मेंदूत गाठ निघाली. उरलेल्या तीन मॅच ट्रेव्हर ब्रूकिंगने सांभाळल्या, दोन जिंकल्या, एक बरोबरीत सुटली, तरीही टीम खाली गेली. रोडर ऑपरेशन करून नव्या सीझनला परत आला आणि ऑगस्टमध्येच त्याला काढलं. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते त्याच्या बाबतीत अक्षरशः घडलं. पुढे काय झालं ते बघा. २००५मध्ये तो न्यूकॅसलला गेला, मॅनेजर म्हणून नव्हे, तर युवा खेळाडूंच्या विभागाचा प्रमुख म्हणून. फेब्रुवारी २००६मध्ये मॅनेजर ग्रॅम सूनेसला काढलं (सूनेसचीही १९९२मध्ये बायपास झालेली, हा योगायोग बघा), तेव्हा क्लबने आतल्याच माणसाला हाक मारली. रोडरने टीम सातव्या नंबरवर नेली. मग अडचण आली ती युएफा प्रो लायसन्सची. आजारपणामुळे त्याचा कोर्स अर्धवट राहिला होता. बाकीच्या क्लबांनी सूट द्यायला मान्यता दिली तेव्हा कुठे त्याला कायम करता आलं.

यातून मी दोन गोष्टी उचलतो. परतीची वाट टचलाइनवरून (मैदानाच्या कडेवरून, जिथे कोच उभा असतो) सुरू होत नाही, अकॅडमीच्या मागच्या दारातून सुरू होते. आणि कागद पक्का लागतो. रोडरला सूट मिळाली, आपल्याला मिळणार नाही. तुमच्या ‘ए’ लायसन्सची मुदत कधी संपतेय ते आजच बघा. नूतनीकरणासाठी सीपीडीचे (ज्ञान ताजं ठेवणाऱ्या प्रशिक्षणाचे) तास भरावे लागतात, आणि आजारपणातल्या वर्षात हेच सगळे विसरतात. ते तास भरणं खुर्चीत बसून करता येण्यासारखं काम आहे.

मागचं दार म्हणजे काय? आपल्या भागात दहा वर्षांपूर्वी हा पर्याय फारसा नव्हता. आता डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये विश्वचषकाच्या मॅच होऊन गेल्या, २०१७ची सतरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा आणि २०२२ची मुलींची. घणसोलीला रिलायन्सची निवासी अकॅडमी आहे, सिडकोने खारघरला मैदान केलं, घोडबंदर रोडवर तर दर दुसऱ्या गल्लीत टर्फ आहे. त्या टर्फवर तीन-तीनशे पोरं आणि शिकवायला बावीस वर्षांचे, सुरुवातीच्या पातळीच्या ‘डी’ लायसन्सवाले कोच. त्या कोचना शिकवणारं कुणी नाही. ‘ए’ लायसन्सचा माणूस आठवड्यातून दोनदा येऊन या कोचची सेशन बघणार, वर्षाचा अभ्यासक्रम लिहून देणार, मॅचचे व्हिडिओ कापून समजावणार, हे काम खरंच हवं आहे. पैसे हेड कोचपेक्षा कमी मिळतील, पण धाप लागणार नाही आणि नाव खेळात राहील. जर्मन कोच राल्फ रांगनिक २०११मध्ये थकून शाल्के क्लब सोडून गेले, पुढच्या वर्षी लाइपझिग आणि साल्झबर्गचे स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून परतले, आणि पुढे पुन्हा बेंचवरही बसले. दार एकाच बाजूला उघडत नाही.

आता सांगायचं की लपवायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणार. लुई व्हान गाल यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगावर रेडिएशन घेत नेदरलँड्सची टीम चालवली आणि खेळाडूंना पत्ता लागू दिला नाही. एप्रिल २०२२मध्ये स्वतःच टीव्हीवर सांगितलं आणि वर्षअखेरीस टीम विश्वचषकाच्या क्वार्टर फायनलपर्यंत नेली. त्यांच्या मागे आख्ख्या फेडरेशनचे डॉक्टर होते. आपल्या बेंचवर आइस स्प्रे असतो. तुमचं तर मैदानावरच झालं, पालकांच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी पोचलं असणार. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही. तेव्हा मुलाखतीला गेलात की समोरच्याने अवघडून “तब्येत कशी आहे?” विचारायच्या आधी तुम्हीच सांगा, आणि मोजकं सांगा. साधारण असं: “डिसेंबरात बायपास झाली. डॉक्टरांनी या तारखेपासून पूर्ण वेळ कामाची लेखी परवानगी दिलीय. आठवड्यातली चार सेशन मी घेतो, पाचवं असिस्टंट. बाहेरगावच्या मॅचला मी आदल्या दिवशी निघतो.” एवढंच. ब्लॉक किती टक्के होते हे ऐकून कुणी नोकरी देत नाही. सोबत फिटनेसचं पत्र, इको आणि स्ट्रेस टेस्टचा ताजा निष्कर्ष फोल्डरमध्ये असू द्या. मागितला तरच काढा.

खेळाडूंपेक्षा आपली गोष्ट वेगळी आहे. डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्टियन एरिक्सन जून २०२१मध्ये कोपनहेगनला मॅचमध्येच कोसळला, छातीत डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) बसला आणि इटलीच्या नियमांत त्याला तिथे खेळता येईना. इटलीचा इंटर क्लब सोडून इंग्लंडच्या ब्रेंटफर्डला जावं लागलं. कोचला तुमच्या-माझ्या पातळीवर असा नियम आडवा येत नाही. सगळं मालकाच्या मनावर. हे सोयीचं आहे आणि वाईटही. माझ्या ओळखीच्या एका कोचला आजारानंतर एका क्लबने हार घालून परत घेतलं, फोटो छापून आणले, आणि चार मॅच हरल्यावर “तुमच्या तब्येतीच्या काळजीपोटी” घरी बसवलं. लेखी काहीच नव्हतं. तुम्ही लिहून घ्या. आजारपणात किती आठवडे किती मानधन, आणि तुमच्या जागी येणारा हंगामी आहे की कायम, या दोन ओळी करारात हव्यात. शाळेचा पगार महिना २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणाच्या रजेचे ९१ दिवसांपर्यंत ७० टक्क्यांनी पैसे मिळतात. शाळेच्या क्लार्कला विचारा, लाजू नका. आणि मेडिक्लेमचा हप्ता एक दिवसही चुकवू नका. आता नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

ज्या दिवशी मैदानावर परत जाल त्या दिवशी बेंचवरच्या दोघांना तरी ठाऊक हवं की जिभेखालची गोळी दिली असेल तर ती कुठल्या खिशात आहे, आणि सीपीआर कसा देतात. हृदय थांबलं तर शॉक मिळायला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मैदानावर एईडी (हृदयाला शॉक देणारं हाताळायचं यंत्र) नसेल तर जवळचा कुठे आहे ते आधी बघून ठेवा. स्कॉटलंडचे मॅनेजर जॉक स्टीन १९८५मध्ये कार्डिफला मॅच संपतानाच कोसळले आणि गेले, वय ६२. वहिनींना जी भीती वाटतेय ती उगाच नाही. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांना विचारू द्या. माझी बायको आली होती. तिने विचारलं, “हे मॅच हरल्यावर रात्री दोनपर्यंत जागतात, त्याचं काय?” मी हा प्रश्न जन्मात विचारला नसता.

कर्करोगाच्या बाबतीत मी इतक्या विश्वासाने लिहिलं नसतं. कोच टिटो व्हिलानोवांच्या बार्सिलोनाने २०१२-१३ची लीग १०० गुणांनी जिंकली, मधले काही महिने ते न्यूयॉर्कला उपचार घेत होते आणि असिस्टंट जोर्डी रौरा टीम चालवत होता. एप्रिल २०१४मध्ये ते गेले. इटलीतल्या बोलोन्या क्लबचे कोच सिनिशा मिहायलोविच ल्युकेमिया झाल्यावर हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉलवर टीम चालवायचे. आजार उलटला, २०२२च्या सप्टेंबरात क्लबने त्यांना काढलं, डिसेंबरात ते गेले. आणि आपले रहीमसाहेब. भारताचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी १९६२मध्ये जकार्ताला एशियाडचं सुवर्ण मिळवून दिलं, पहिल्याच मॅचला ज्या दक्षिण कोरियाकडून २-० हरलो त्यांनाच फायनलला २-१ हरवून. तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग अंगात होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले. नंतर १९६४च्या आशिया चषकात आपण उपविजेते होतो, १९७०च्या एशियाडमध्ये ब्राँझ मिळालं, पण सुवर्ण पुन्हा आलं नाही. याला इतर कारणंही असतील. पण एवढं सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं, हे मला त्यातलं मोठं कारण वाटतं.

तुमचं हृदय आता दुरुस्त केलेलं आहे, आणि तुमच्याकडे असिस्टंट आहे, तोही जिंकणारा. तेव्हा मालकांना फोन नंतर करा. आधी असिस्टंटला करा. “टीम कशी आहे?” असं विचारू नका, ते त्याला तपासणी वाटेल. गेल्या रविवारच्या मॅचचा व्हिडिओ मागा, घरी दोनदा बघा, आणि त्याने केलेला एक बदल, जो तुम्ही केला नसता, तो का केला हे त्याला विचारा. तो बोलत असताना मध्ये बोलू नका. मग त्याला म्हणा, पुढच्या सीझनच्या पहिल्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक आपण दोघं मिळून लिहू, आणि कुठल्या दिवशी मैदानावर कोण असेल ते त्यातच टाकू. तो कागद घेऊन मालकांकडे दोघं एकत्र जा.